जोर ‘झे’वर

जळगावच्या आमच्या पाईप कारखान्यात परदेशी पाहुण्यांना प्लँट दाखवायचं काम बारा वर्षं माझ्याकडे होतं. माझं इंग्रजी बरंचसं हातवाऱ्यांवर चालायचं. गेल्या वर्षी नवे मॅनेजर आले. म्हणाले, "या खेपेला मी मागे उभा राहून ऐकणार. अडखळलात, तर पुढचे पाहुणे दुसऱ्याकडे."

त्यांनीच लिहून दिलेल्या भाषणात एक डोंगर होता : स्टँडर्डायझेशन.

मला चैन पडेना. बायको साक्रीची, शाळेत इंग्रजी शिकवते. पोळ्या लाटता लाटता तिने लाटण्याने ठेका धरला. "स्टॅन, डर, डाय, झे, शन. पाच तुकडे. जोर झेवर."

"पण नुसत्या स्टँडर्डमध्ये तर जोर पहिल्या तुकड्यावर असतो!"

"अहो, तुमचे पाईपच समजा. स्टँडर्डला आइझ जोडलं, त्याला पुढे एशन जोडलं. लांबी वाढली की प्रेशर पुढे सरकतं, शनच्या अगदी अलीकडे."

"मराठीत बरं आहे. जोर फक्त भांडताना लागतो."

"मग भांडताय असं समजून म्हणा!"

म्हटलं. दाढी करताना, जिना चढताना, सिग्नलला स्कूटरवर. शेजारच्या रिक्षावाल्याने रिक्षा हळूच दोन फूट बाजूला घेतली.

पाहुणे आले. मॅनेजर मागे हाताची घडी घालून उभे. मशीनची घरघर चालू. "स्टॅन... डर... डाय..." आणि झेवर मी असा काही जोर दिला की छातीतली सगळी हवा तिथेच संपली. "झेऽऽ!" पुढे काही येईना. पाहुण्या बाई पुढे झुकल्या. मॅनेजरांची घडी सुटली.

मशीनवर आमचे जुने ऑपरेटर होते, सगळ्यांचे नाना. घरघरीत त्यांना माझं ‘झे’ ‘शे’ ऐकू आलं, म्हणजे आमच्या अहिराणीतलं ‘आहे’. माल आहे का, असं मी त्यांना विचारतोय, असा त्यांचा समज झाला. सगळा आहे, असं सांगत ते तिथूनच ओरडले, "शे ना, भाऊ! बठ्ठं शे!"

माझ्या ‘झे’ला नानांचं ‘शे ना’ जोडलं गेलं आणि बाईंचा चेहरा उजळला. "आ, स्टँडर्डायझेशन!" त्यांनी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. मॅनेजर एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले आणि शेवटी हातानेच म्हणाले, चला पुढे.

पुढच्या विभागात इन्स्पेक्शन होतं, त्यानंतर सर्टिफिकेशन. मी मशीनजवळ जाऊन पुटपुटलो, "नाना, मशीन कोणाच्या तरी हाती द्या आणि माझ्याबरोबर चला."