बापूकाकांनी पाहिलेलं घर

बापूकाका कोणाच्या घरी धड बसले नाहीत. खुर्चीच्या काठावर अर्धे टेकायचे, पाय दाराकडे. आमच्या दारव्ह्यातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. बसायचा आग्रह केला की म्हणायचे, "सोयरीकवाला बसला, का पोरगी बसली घरात!"

दुसरी खोड म्हणजे घर पाहणं. "पोरगा कायले पाहता? तो त्या दिवशी इस्त्रीचाच सदरा घालते. त्याचं घर पाहा." मग स्वयंपाकघरात शिरून पिठाचे डबेसुद्धा उघडायचे.

त्या वर्षी दिल्लीच्या मोठ्या कोर्टात पुरुषा-पुरुषांच्या, बायका-बायकांच्या लग्नाचा खटला चालू होता. चहाच्या टपरीवरच्या टीव्हीसमोर काका पेटले. "पोराचं पोरासंग? मंग वरबाप कोण? मांडवात रुसायचं कोणी?" टपरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण यवतमाळला मी आणि महेश सात वर्षं एकत्र राहत होतो. दोन्हीकडच्या घरांना तो माझा, मी त्याचा 'रूम पार्टनर'. आईला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून काकांनी आणलेल्या घाटंजीच्या स्थळालाही मी मान डोलावली. महेश आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण काका घर पाहायला येणार म्हटल्यावर त्यानंच स्वयंपाकघर घासून काढलं.

काकांनी डबे उघडले, खूश झाले. मग आतल्या खोलीत डोकावले. दुसऱ्या पलंगावर महेशच्या गावाहून, फुलसावंगीहून आलेली तुरीची पोती छताला टेकली होती. ती हलवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

"महेशबाबू, तुम्ही कुठी झोपता?" काकांनी विचारलं.

काका चपला घालून निघून गेले. माझं आता गावभर होणार, या धास्तीनं मी दोन दिवस जेवलो नाही.

काकांनी घाटंजीला जाऊन एवढंच सांगितलं, "चूक माही झाली. हे स्थळ तुमच्या पोरीसाठी नाही." इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी कबूल केलं नव्हतं. पोराचं जुळलेलं मोडलं म्हणून आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी त्यांचा फोन आला. "नाही म्हटलं बा कोर्टानं. कायदा करनं सरकारचं काम म्हणते." मग म्हणाले, "महेशच्या मायले माहीत आहे?"

"नाही, काका."

"मंग मी जातो फुलसावंगीले. असं बोलणं पोरांनी नाही करायचं, मोठ्या माणसानं करायचं असते. तू फक्त घर सांग कोनतं."

मी भ्यालो. "पुढं पाहू," म्हटलं. नंतर दोनदा त्यांनी विचारलं, दोनदा मी टाळलं. उन्हाळ्यात हृदयविकाराच्या झटक्यानं काका गेले.

परवा महेशची आई पापड घेऊन आमच्याकडे आली. मी चहा टाकत होतो, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या दारव्ह्याले सोयरीक जुळवणारं आहे काय कोणी? महेशसाठी पाहा ना बाप्पा एखादी पोरगी."

"होते एक," मी म्हणालो. "तुमच्याकडे येतोच म्हणत होते. मीच येऊ दिलं नाही."

"काहून?"

मी गॅस बंद केला आणि महेशला हाक मारली.