एका दाण्याचे दोन

आमच्या कंपनीत यंत्र चालू होण्याआधी त्याच्या उद्घाटनाची तारीख ठरत असे. हार, फीत, सूत्रसंचालक आणि समोसे पक्के झाले, की मग आम्हाला कळवलं जाई, आता तेवढं यंत्र राहिलंय.

त्या वेळी राहिलेलं यंत्र बी मोजण्याचं होतं. प्रयोगशाळांना गव्हाचे दाणे अचूक मोजून लागतात. वरून दाणे टाकायचे, ते प्रकाशाच्या किरणासमोरून खाली पडणार, पडद्यावर आकडा येणार. शुक्रवारी कोणी बडे पाहुणे चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या शेडमध्ये येऊन एकच दाणा टाकणार होते. पडद्यावर १, मग टाळ्या. कल्पना खुद्द मालकांची.

सोमवारी मी एक दाणा टाकला. पडद्यावर २ आले.

मालक मागेच उभे होते. "एक के दो! यही तो किसान चाहता है, यार!" प्रयोगशाळेला हे नको असतं, हे त्यांना पटवायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला.

यंत्राच्या आत चालायचं ते असं. दाणा पडला की सर्किट बोर्डावरची चिप हात वर करते. प्रोसेसर हातातलं काम टाकून मी लिहिलेल्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामकडे धावतो; याला इंटरप्ट म्हणतात. ड्रायव्हर आकडा एकाने वाढवतो, चिपला 'नोंद झाली, हात खाली घे' असं लिहून पाठवतो आणि मोकळा होतो. इथे एका दाण्याला दोन इंटरप्ट येत होते.

मी अर्ध्या तासात निदान केलं: सेन्सरचा सिग्नल थरथरतोय, दोष बोर्डाचा. तसा ई-मेल सगळ्यांना धाडला. सॉफ्टवेअरवाल्याला हार्डवेअरमधला दोष फार लांबून दिसतो. जवळचं दिसत नाही, एवढंच.

बोर्ड बनवणारी मुलगी लुधियान्याची. नोकरीला चारच महिने झालेले, आणि तिला कायम करायचं की नाही हे मालक पुढच्या आठवड्यात ठरवणार होते. ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर जी, मेरा बोर्ड काँपता है?"

"लगता तो है."

"किसको लगता है?"

तिने सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. एका दाण्याला एकच ठोका, पट्टी धरून काढल्यासारखा सरळ. मी म्हणालो, हा स्कोपही जुनाच आहे.

"शुक्रवार तक जिसकी गलती निकले, वो सबके सामने बोलेगा. पक्का?"

"पक्का," मी म्हणालो. सबके सामने तीच बोलणार, अशी तेव्हा माझी खात्री होती.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. मालक जाता-येता सुचवत, "दो से भाग दे दो, यार!" पण मूठभर गहू टाकला की काही दाणे दोनदा मोजले जात, काही एकदाच. प्रत्येक इंटरप्टला एक ओळ छापायला लावली, तर आकडा अगदी बरोबर! छपाई काढली की पुन्हा चूक. तपासणीच्या दिवशी सरकारी कचेरी वागते, तसं यंत्र माझ्या देखत वागत होतं. छपाई कायम ठेवावी, तर यंत्र एवढं मंदावे की मुठीतले निम्मे दाणे न मोजताच खाली जात.

बुधवारी मी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअर सांभाळणारे काका मूळचे साताऱ्याचे, लष्कराच्या सिग्नल्स या संदेशदलातून निवृत्त झालेले हवालदार. शेवटची नेमणूक जवळच्या चंडीमंदिर छावणीत होती, मग इथेच राहिले. मुलांशी ते मराठीत बोलत आणि मुलं हिंदीत उत्तरं देत. त्यामुळे मी दिसलो की त्यांना बरं वाटे. त्यांची एकच खोड मला छळायची.

"काका, एक टेप आणि हातभर पिवळी वायर द्या."

"एक टेप. हातभर पिवळी वायर."

"अहो, तेच तर बोललो मी आत्ता!"

"तुम्ही बोललात, साहेब. मला पोचलं का, ते तुम्हाला कसं कळायचं? वायरलेसचं बटण सोडलं म्हणजे निरोप गेला, असं नव्या पोरांना वाटतं. समोरचा परत म्हणून दाखवत नाही तोवर काय गेलेलं नसतंय."

मी टेप तिथेच विसरून जागेवर पळालो.

'हात खाली घे' हे मी लिहीत होतो खरं, पण ते चिपपर्यंत पोचायला किंचित वेळ लागत होता. तेवढ्यात माझा ड्रायव्हर मोकळा झालेला. प्रोसेसर बघे तो चिपचा हात अजून वरच. तो पुन्हा माझ्याकडे येई, आणि मी काही न विचारता आणखी एक मोजत असे. छपाईत वेळ जाई, तेवढ्यात निरोप पोचे. मी एकच ओळ वाढवली: लिहून झालं की चिपकडून तेच परत वाचून घ्यायचं. लिहिलेलं पोचल्याशिवाय वाचलेलं परत येत नाही.

दाणा टाकला. १. मोजून शंभर टाकले. शंभर.

बोर्ड निर्दोष होता. दोष माझा, असा दुसरा ई-मेल मी लगेच सगळ्यांना पाठवला आणि स्वतःच्या मोठ्या मनावर खूश होऊन छोले-भटुरे खायला गेलो.

शुक्रवारी यंत्राला झेंडूचा हार घातला होता. तो दाणे टाकायच्या तोंडावरच लोंबत होता, म्हणून मी बाजूला सारला. मालक भाषणात म्हणाले, "हार्डवेयर में गलती थी, जो हमारे इन सर ने पकड़ी!" टाळ्या पडल्या. मालक पहिला ई-मेल वाचत. दुसऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. बोर्डवाली मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी हात वर केला. मालकांना वाटलं मी टाळ्यांचा स्वीकार करतोय. त्यांनीही हात हलवला आणि भाषण पुढे नेलं. मी हात खाली घेतला नाही. शेवटी पाहुण्यांनीच विचारलं, "इनको कुछ कहना है क्या?"

"बोर्ड में कोई गलती नहीं थी. गलती मेरी थी."

"बहुत विनम्र हैं," मालक पाहुण्यांना म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीपासून काकांचा, वायरलेसवर बोलावं तसा खणखणीत आवाज आला. "बोर्ड ठीक! गलती सर की! सर ने खुद बोला!"

मालकांनी चष्मा काढला. "सच में?"

"जी."

घोषणा करायला मिळाली की मालक उदार होत. त्यांनी माइक जवळ ओढला. "बोर्ड हमारी बेटी ने एकदम बढ़िया बनाया है. आज से ये पक्की!"

ती मोबाइल धरून मागे वळली. "सर जी, फिर से बोलो. मम्मी को भेजना है."

मी फिर से बोललो.

मग पाहुण्यांनी दाणा टाकला. पडद्यावर १ आला. फोटो नीट आला नाही म्हणून फोटोग्राफरने, पडद्यावरचा १ न पुसताच, त्यांना आणखी एक टाकायला लावला. पडद्यावर २ आले, आणि मालकांनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं.