फिदेन्सिओचे गच्चीवरचे टाको

घरी टाको कर म्हटलं की फिदेन्सिओ ओल्मेदोच्या कपाळाला आठ्या पडायच्या. दांडा नाही तिथं पास्तोर नाही, एवढं सुनावून तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. अठ्ठावीस वर्षं पोर्तालेस वस्तीच्या कोपऱ्यावर त्याची टाकोची गाडी होती. उभ्या दांड्यावर रचलेलं डुकराचं लालभडक मांस, म्हणजेच पास्तोर, ज्वाळेपुढे गरगर फिरायचं, दांड्याच्या टोकाला अननस खोचलेला. हा पठ्ठ्या सुरीच्या एका झटक्यात अननसाची फोड उडवायचा आणि हात पाठीमागे नेऊन तोर्तियात, मक्याच्या पातळ पोळीत, झेलायचा. काय दिवस होते ते! फुटपाथ अपुरा पडायचा. मग उजवा खांदा कामातून गेला, गाडी भाच्याच्या हाती गेली आणि स्वारी खुर्चीत जाऊन बसली.

एकुलती एक मुलगी मारीक्रूस नर्स. तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, तिहुआनाच्या इस्पितळात नोकरी लागली, सोमवारी निघायचं ठरलं. जाण्याआधी तिनं एकच मागितलं: बाबा, घरी तुझ्या हातचे टाको, आपण तिघांनी बसून. मागणं एवढंसंच, पण गाडीवाल्याच्या घरी तेच दुर्मिळ. बाप दुपारी निघायचा, परतायचा तेव्हा पोर झोपलेली. रविवारी तर गर्दी दुप्पट. अख्ख्या वस्तीला खाऊ घालणाऱ्या या माणसानं पोरीला घरात बसवून कधी घासभर वाढलं नव्हतं, आणि तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

फिदेन्सिओनं नेहमीचा हेका धरला. त्याची बायको ओफेलिया सहसा त्याच्या तोंडी लागत नाही. त्या दिवशी लागली.

"म्हातारबा, पोरगी दांडा मागत नाहीये. तुला मागतेय."

त्यानं टीव्ही बंद केला. शनिवारी मुकाट्यानं वाळक्या मिरच्या भिजत घातल्या, लसूण, लवंगा, व्हिनेगर आणि अचिओतेच्या शेंदरी बिया घालून वाटण केलं आणि डुकराच्या खांद्याच्या मांसाचे पातळ काप त्यात मुरवले. रविवारी दुपारी गच्चीवर अर्ध्या पिंपाची शेगडी पेटली. चरबी निखाऱ्यांवर ठिबकली, धूर उठला, आणि त्या वासासरशी म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, गाडी परत काढलीस की काय? फिदेन्सिओ हसला. कित्येक महिन्यांनी हसला. दांड्याची सर नाही, पण वास बरा आहे, असं त्यानं कबूलही केलं.

हातांना सगळं आठवत होतं. फळीवर सुरी टकटक चालली, तोर्तिया गरम झाल्या, मांस पडलं, अननस पडला. मान खालीच.

"किती देऊ, गोरटे? सगळं घालून?"

हे तो गाडीवर प्रत्येक बाईला म्हणायचा. उत्तराची वाट न बघता त्यानं कांदा-कोथिंबीर भुरभुरवली आणि ताटली पुढे केली.

मारीक्रूसनं ताटली घेतली. "बाबा, मी कांदा खात नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." तिच्या आवाजात राग नव्हता. "शाळेच्या गणवेशात मी तीनदा तुझ्या गाडीवर रांगेत उभी राहिले होते. तिन्ही वेळा तू कांदा घातलास. वर बघितलंच नाहीस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मागे गर्दी होती. खाल्ला तसाच."

फिदेन्सिओ कठड्यावर टेकला. त्याला रांग आठवत होती. कोथिंबीर नको म्हणणारा प्लंबर आठवला, तिखट वेगळं मागणारी शिंपीण आठवली. गणवेशातली मुलगी मात्र काही केल्या आठवेना. त्यानं तिच्या हातातली ताटली घेतली आणि तो कांद्याचा एकेक तुकडा बोटांनी वेचायला लागला. चरबीत चिकटलेले बारीक बारीक तुकडे, बोटं भाजत होती. बराच वेळ लागला.

मग त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "आणखी काय काय खात नाहीस तू?"

मारीक्रूस एकेक सांगायला लागली. शेगडीवरचं मांस करपत होतं. ओफेलिया ते उलथायला उठली, तिनं दोघांकडे बघितलं, आणि ती परत खाली बसली.