आदल्या रात्रीची गाडी

रागाच्या बाबतीत मी अप्पांवर गेलेली नाही. त्यांनी सारी नोकरी नामपल्ली स्टेशनात तिकिटांच्या खिडकीमागे काढली, पण कुणावर कधी आवाज चढवला नाही. मी, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्यापासून फटकळ. त्यामुळे माझ्या पहिल्या शोधलेखावर परीक्षकाचं पत्र आलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते असं: "अक्कल गहाण ठेवलीय का याने!"

त्याची शंका एकच होती. मी फुटणाऱ्या ताऱ्यांच्या उजेडाचा अभ्यास करते. तो उजेड यंत्रातून पसरवून घेतला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. रेघ आपल्या जागेवरून जितकी सरकलेली, तितक्या वेगाने त्या ताऱ्यातलं द्रव्य आपल्या दिशेने उधळलेलं. माझा तारा पहिल्या रात्री भलताच वेगात होता, नंतरच्या रात्री तितका नव्हता. सगळा लेख त्या एका रात्रीवर उभा होता आणि लेखावर माझा प्रबंध. परीक्षकाने लिहिलं होतं, त्या रात्रीचा दिवा पुन्हा तपासा.

दिवा म्हणजे आमची फूटपट्टी. ताऱ्याचा उजेड घेऊन झाला की यंत्राला हात न लावता एका ठरावीक दिव्याचा उजेड घेतात. त्याच्या रेघा कुठे पडायला हव्यात ते पक्कं ठाऊक असतं, त्यावरून ताऱ्याच्या मोजायच्या. एका रात्रीचा दिवा दुसऱ्या रात्रीला चालत नाही. त्यात त्या पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी आमचं यंत्र उतरवून पुन्हा बसवलेलं होतं.

परीक्षकाचं नाक ठेचायचंच म्हणून मी तावातावाने जुन्या फाइली उघडल्या. ताऱ्याच्या फाइलीच्या नावात एक तारीख. दिव्याच्या फाइलीच्या नावात त्याच्या पुढच्या दिवसाची. म्हणजे दोन वर्षं मी चुकीची फूटपट्टी लावून वेग मोजत बसले होते, आणि वर शहाणपणाने परिषदांमध्ये सांगत फिरत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी पत्र लिहिलं, 'चूक माझी आहे, लेख मागे घेऊ या.' पाठवायला मात्र बोट धजेना. लॅपटॉप मिटला आणि भर दुपारी मलकपेठला घरी आले.

अप्पा टेबलावर अंबाडीची भाजी निवडत बसले होते. "आज लवकर? काय झालं माय?"

"काही नाही."

"जेवतीस का?"

"नक्को म्हटलं ना!" म्हटलं नव्हतंच खरं तर. "आणि विचारू नका. तुम्हाला नाही कळायचं, अप्पा. खिडकीतून तिकीट देण्याइतकं सोपं नसतं ते."

बोलून गेले आणि जीभ चावली. ते एकेक पान खुडत राहिले. शेवटी रडत रडत मीच सगळं सांगितलं. तारा बारा तारखेचा, दिवा तेरा तारखेचा, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात.

"हौ, पण किती वाजताचा?" अप्पांनी विचारलं.

"काय किती वाजताचं?"

"तारा किती वाजता घेतला, अन् दिवा किती वाजता? रात्रीचंच काम ना तुमचं? बारा वाजता तारीख बदलती माय. रात्र तीच राहती."

मला एकदम ती गाडी आठवली. अप्पांची एक गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगून झालेली होती. नोकरीच्या सुरुवातीला एक माणूस साड्यांचं गाठोडं घेऊन खिडकीशी आला. बहिणीच्या लग्नाला परभणीला निघालेला. तिकीट रात्री बारा वाजून दहा मिनिटांच्या गाडीचं. तारीख बरोबर बघून त्या दिवशी रात्री आला होता बिचारा, पण गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. तेव्हापासून तसलं तिकीट देताना अप्पा प्रत्येकाला बजावायचे, "आदल्या रात्री या बरं का." आम्ही सिनेमाला निघालो तरी आई त्यांना चिडवायची, "काय हो, आदल्या रात्री जायचं का?"

मी अंबाडी बाजूला सारली आणि लॅपटॉप उघडला. फाइलीच्या आत वेळ लिहिलेली असते. घाबरून मी नुसती नावं वाचली होती. तारा बाराला दहा मिनिटं कमी असताना घेतलेला, दिवा सव्वाबाराला. रात्र एकच, यंत्र जागचं हललेलं नाही. त्या रात्री ढगांमुळे उशीर झाला होता. एरवी आमचं काम बाराच्या आत उरकायचं, म्हणून हा घोळ कधी समोर आलाच नाही.

तरी विश्वास बसेना. ताऱ्याभोवतालच्या आकाशाचाही थोडा उजेड यंत्रात येतो. तो आम्ही वजा करून टाकतो. त्यात आकाशाची स्वतःची एक हिरवी रेघ असते, तिची जागा ठरलेली. दिवा चुकला असता तर तीही सरकलेली दिसली असती. मी ती शोधून काढली. जिथल्या तिथे होती!

हुश्श! इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मॅडमना लिहिलेलं पत्र पुसून टाकलं आणि फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि झापलं, "आधी आकाश बघायचं असतं, हे पहिल्या वर्षालाच सांगितलं होतं ना?" त्या दिवशी तो ओरडाही गोड लागला. परीक्षकाला शिव्या दिल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागितली. मग कडकडून भूक लागली आणि मी वरणभाताचं ताट वाढून घेतलं.

अप्पा उरलेली देठं गोळा करत होते.

"अप्पा, मघाशी मी तिकिटांचं जे बोलले..."

"खरंच बोललीस की. तिकीट देणं सोपंच असतं," ते म्हणाले. "गाडी गेली म्हणून सांगणं लई अवघड, माय. आज तुला मॅडमना ते सांगावं लागलं नाही, बरं झालं."