सगळा वर्ग पास झाल्याची तक्रार

प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं म्हणून ऑफिसात गेलो, तर इंटरची तीन पोरं अर्ज घेऊन उभी. टेबलावर मीच तपासलेले लॉजिकचे सहामाहीचे पेपर. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. सांगलीच्या कॉलेजात मी नवा लेक्चरर, प्रोबेशनवर, म्हणजे अजून कायम न झालेला. मार्क कमी पडल्याचं रडगाणं असणार, असं धरून मी आधीच म्हणालो, "सर, मी कुणालाही नापास केलेलं नाही."

"तीच तक्रार आहे," साहेब म्हणाले.

अर्ज कोरेगावच्या जाधवचा होता. वडील फौजेतले रिटायर हवालदार, आता ऊस करायचे.

"सर, तिसऱ्या प्रश्नाला मी 'येत नाही, क्षमा असावी' एवढंच लिवलं," जाधव म्हणाला. "तुमी दहापैकी चार दिले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रामाणिकपणाचे दिले," मी म्हणालो.

"पेपर लॉजिकचा होता."

खरं म्हणजे पोरांनी मला चांगलं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

लॉजिकमध्ये सिलॉजिझम असतो. दोन विधानांवरून तिसरं काढायचं. जाधवने तिथेच एक मांडला. "पास झालेल्याला लॉजिक येतं. मी पास हाय. म्हंजे मला लॉजिक येतं. यात कुठंतरी चुकतंय सर, पण कुठं ते मला सांगता येत न्हाई."

"मार्चात वार्षिकचे पेपर युनिव्हर्सिटी तपासणार," दुसरा म्हणाला. "तिथं आमची कोण गय करणार?"

"तिथं उडालो तर आबा मला फौजेच्या भरतीला उभा करतील," जाधव म्हणाला.

साहेबांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "पुन्हा तपासा. कायम करण्याचं त्यानंतर बघू."

मी पुन्हा तपासले. अर्धा वर्ग नापास. जाधवला शंभरात एकवीस, म्हणजे तोही नापास. दुसऱ्या दिवशी बाकीच्या नापास पोरांचं शिष्टमंडळ निघालं, पण ते माझ्याकडे आलंच नाही. जाधवला गाठायला होस्टेलवर गेलं. दोन दिवस तो मेसला वेगळा बसून जेवत होता.

मग मी सकाळी सातला जादा वर्ग घेऊ लागलो. शिव्या देत का होईना, सगळे यायचे. मीही आदल्या रात्री नीट वाचून येऊन शिकवू लागलो. सगळ्यांना पासच करायचं, तर तोवर त्याची फारशी गरज पडली नव्हती.

जूनमध्ये जाधव युनिव्हर्सिटीचा निकाल सांगायला घरी आला. "लॉजिकात काठावर पास, अडतीस पडले, सर. पण माझे हायेत."

मी कायम झालो. पोरांना सोपा मास्तर आवडतो, असं पुढे कितीतरी नवे लेक्चरर मला सांगत. मी म्हणायचो, एकदा त्यांना विचारून बघा.