अण्णांच्या अंगावरची चादर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत आयटीच्या पोरांना सोलापूरच्या बसमध्ये बसवत होतो. बस थांबवली नाही. महिना उलटला, तरी त्याचं वाईट वाटत नाही.

सोलापूरची गिरणी बंद पडली आणि मी पुण्यात येऊन बुधवार पेठेत अण्णांच्या चादरींच्या दुकानात नोकरीला लागलो. भाव कसा करायचा, दारातून निघालेलं गिऱ्हाईक परत कसं फिरवायचं, हे त्यांनीच शिकवलं, नाकारत नाही. पण पाटीवर ‘अस्सल सोलापुरी’ आणि गठ्ठ्यात भलतीकडचा माल... माझे वडील त्या गिरणीत विणकर होते. एकदा दुकानात आले, एक चादर उलटी केली आणि हळूच म्हणाले, “ही आमच्याकडची नाही.” अण्णा भर गिऱ्हाइकांत म्हणाले, “अहो सोलापूरकर, आम्हाला सगळ्या चादरी चौकोनीच दिसतात!” लोक हसले. वडील हातातला चहा तसाच ठेवून उठले.

मीही उठलो. बिबवेवाडीत स्वतःचं दुकान टाकलं आणि या सहली सुरू केल्या. तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, थंडीत हुरडा, सगळं दाखवतो. पण सगळ्यात आधी बंद गिरणीची चिमणी. एके काळी तिथल्या भोंग्यावर गाव उठायचं. मग एखाद्या मागावर नेऊन शिकवतो, की खऱ्या चादरीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ असते. पोरं पुण्यात परतली की अण्णांच्या दुकानात जाऊन चादरी उलटायची. मला हेच हवं होतं. आता फक्त अण्णांच्या तोंडून ऐकायचं होतं, की वडील खरं बोलले होते.

अण्णा आजारी पडल्यावर तेवढ्यासाठीच भेटायला गेलो. पांघरून पडले होते. सवयीने चादरीचा कोपरा उलटला... काठात वडिलांच्या गिरणीचं नाव विणलेलं!

“म्हणजे कळत होतं तुम्हाला?”

“विकायची वेगळी, पांघरायची वेगळी. इतकी वर्षं काय शिकलास माझ्याकडे?”

“वडिलांना फोन लावतो. एवढंच त्यांना सांगा.”

“चादर नीट घाल. गार लागतंय.”

तेराव्यानंतर अण्णांच्या पत्नी, काकू, आठवण म्हणून त्यांचं घड्याळ देत होत्या. मी चादरीवर अडून बसलो.

“अरे, वापरलेली आहे ती,” काकू म्हणाल्या.

“म्हणूनच हवी.”

आता ती माझ्या दुकानात समोरच टांगली आहे. विकायची नाही. गिऱ्हाईक आलं की वडील स्वतः उठून ती उलटी करून दाखवतात, आणि कोण पांघरत होतं, ते नावानिशी सांगतात.