एकाच हाताच्या दोन बाह्या

काजबटण हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण गल्लीत त्याला दुसरं कुणी काही म्हणत नसे. शिवणाच्या त्या दुकानात कापड बेतायची आणि कापायची ती त्याची बायको, गल्लीची मास्तरीण. मशीन, काजं, बटणं आणि इस्त्री ही कामं याची. "कात्री तिची चालते आणि तोंड माझं बंद, म्हणून संसार टिकला," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. चोवीस वर्षांत मास्तरणीचा एक कपडा परत आला नव्हता. हे ती स्वतःच दिवसातून दोनदा ऐकवायची.

मग तिच्या डोक्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तीस वेळा किरणं देऊन झाली, आणि पुढे दर महिन्याला पाच दिवस गोळ्या सुरू झाल्या. गाठ वाईट जातीची होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गोळ्यांनी ती हळू वाढेल, जाणार मात्र नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसूनच मास्तरणीने नवऱ्याकडून शब्द घेतला.

"माझी कात्री चुकली की त्याच दिवशी मला सांगायचं. मला कळायचं नाही, तुम्हालाच कळेल. त्या दिवसापासून गोळ्या बंद. नुसतं पडून ओकायला मला जगायचं नाही."

"सांगेन," तो म्हणाला. कात्री चुकत नव्हती तोवर म्हणायला काय जातंय!

चौथ्या महिन्यात ती चुकली. तिने कापलेला एक शर्ट त्याने शिवायला घेतला तर दोन्ही बाह्या उजव्या. शिकायला येणाऱ्या पोरी पहिल्या आठवड्यात ही चूक करत, आणि मास्तरीण त्यांना पार रडवून सोडायची. त्याने मान वर करून पाहिलं. ती समाधानाने टेप गुंडाळत होती. दुपारच्या ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं तिने संपवलं होतं, डावीकडचं तसंच होतं. गाठीमुळे डावीकडचं तिला हल्ली दिसतच नव्हतं. तिचं लक्ष नसताना ताट फिरवून ठेवायला तो शिकला होता. बाह्यांचंही त्याने तेच केलं. समोरच्या दुकानातून तसलंच कापड आणलं आणि ती झोपल्यावर तिच्या पुठ्ठ्याच्या खाक्यावरून स्वतः कापलं.

त्यानंतर हे चालूच राहिलं. सकाळी तिला आंघोळ घालायची, गोळ्यांच्या दिवसांत बादली धरायची, दुपारी चोरून कापायचं, संध्याकाळी शिवायचं. त्याच्या नाकी नऊ आले. एकदा तर तो इस्त्री हातात धरून उभ्याउभ्या झोपला, आणि एका गिऱ्हाइकाची कॉलर करपली. त्या दिवशी सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण सांगितलं की गोळ्या बंद. जीभ रेटलीच नाही.

मग एक दिवस बँकेतल्या एक बाई इथून शिवून नेलेला कोट परत घेऊन आल्या. चोराच्या मनात चांदणं. त्याने उठून कोट घ्यायला हात पुढे केला, पण बाईंनी तो सरळ मास्तरणीच्या मांडीवर ठेवला.

"तुमचा कपडा कधी असा नसतो हो. काखेत बोचतोय."

मास्तरणीने कोट उलटा केला आणि शिवणीवरून बोटं फिरवली. बाई गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"शिवणीत दोन बोटं कापड सोडलंय. मी एकाच्या वर कधी सोडलंय का? हे घाबरलेल्या माणसाचं काम आहे. कधीपासून कापताय?"

"दोन महिने झाले."

"माझं कापलेलं कुठंय?"

इस्त्रीच्या टेबलाखालचं गाठोडं त्याने बाहेर ओढलं. अकरा कपड्यांचे तुकडे होते. तिने दोन बाह्या सुलट बाजू वर करून एकमेकींवर ठेवल्या. तंतोतंत जुळल्या, आणि जुळायला नको होत्या. मग पुढच्या दोन ठेवल्या. तिसऱ्या जोडीला तिने हात लावला नाही.

"शब्द मोडलात."

"मोडला. सांगितलं असतं तर तू गोळ्या सोडल्या असत्यास. मी थकलोय गं, फार थकलोय. पण तू हवी होतीस."

तिने कोट घडी करून बाजूला ठेवला. "उद्यापासूनच्या गोळ्या आणू नका," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्याला रडू यायला हवं होतं. आधी हायसं वाटलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो उठून ताट वाढायला गेला.

ती अर्धं जेवली आणि चमचा ठेवला. या वेळी त्याने तिच्यासमोर ताट फिरवलं. "इकडं अजून आहे."

"रोज फिरवता?"

"रोज."

"तरीच माझं पोट भरत होतं," ती म्हणाली, आणि उरलेलंही जेवली.

जेवण झाल्यावर तिने त्याला कोट उसवायला लावलं. टेबलावर नवं कापड पसरलं, खाका ठेवला, आणि आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता ती आपली कात्री त्याच्याकडे सरकवली.

"एकच बोट सोडायचं. मी बघतेय."

त्याने कात्री पुन्हा दोन बोटांवरच टेकवली.

"घाबरू नका," ती म्हणाली. "अजून आहे मी."